तळकोकणात पहिल्यांदा येताय? आधी एवढं ठरवा

ओळखीच्या कुणाचा पुण्या-मुंबईहून फोन आला की प्रश्न ठरलेला असतो. "गोव्याला चाललोय, वाटेत मालवणला एक रात्र थांबावं म्हणतो. काय काय बघून होईल?" माझं उत्तरही आता ठरून गेलंय. एका रात्रीत किल्ला होईल, सुरमईची थाळी होईल, आणि तळकोकण, म्हणजे हा सगळा सिंधुदुर्ग जिल्हा, राहून जाईल. गोव्याच्या वाटेवरचा थांबा म्हणून इथे येऊ नका. चार दिवस काढा, नाहीतर पुढच्या वर्षी या. समुद्र कुठे जात नाही.

पुढचं सगळं पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचं गाव इथे आहे त्यांनी चुका काढाव्यात, त्या निघतीलच.

आधी नावांचा घोळ सोडवा

सिंधुदुर्ग हे नाव तीन गोष्टींचं आहे. एक जिल्हा, जो १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. दुसरा किल्ला, जो मालवणच्या समुद्रात आहे. तिसरं कोकण रेल्वेचं स्टेशन, जे ओरोसजवळ आहे आणि जिथून समुद्र दिसत नाही. किल्ला बघायला म्हणून 'सिंधुदुर्ग' स्टेशनाचं तिकीट काढून उतरणारे आणि रिक्षावाल्याला "बीच किधर है?" विचारणारे पाहुणे मी स्वतः पाहिलेत. तिथून मालवण तीसेक किलोमीटर आहे. मालवणला रेल्वे नाही, देवगडला नाही, वेंगुर्ल्यालाही नाही. रूळ आतून, डोंगराच्या बाजूने गेलेत.

जिल्ह्यात आठ तालुके: देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग. यातले तीन किनाऱ्यावरचे, बाकीचे आतले. नवखा माणूस फक्त किनारा धरतो. निम्मी मजा आत आहे हे त्याला दुसऱ्या खेपेला कळतं.

कधी यायचं: आधी काय हवंय ते ठरवा

"चांगला सीझन कुठला?" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. आंबा हवा की थंड हवा, मासे हवेत की पाऊस, त्यावर महिना ठरतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत हवा सगळ्यांत सोसवणारी. थंडी म्हणजे पहाटे अंगावर पातळ चादर घ्यावी एवढीच, स्वेटर घरी ठेवा. समुद्र शांत, पाणी नितळ, होड्या चालू. शिवाय जत्रांचे दिवस, त्याबद्दल पुढे. फक्त नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा टाळा. त्या दिवसांत तारकर्लीचा रस्ता म्हणजे गाड्यांची रांग असते आणि खोलीचा भाव ऐकून घाम येतो.

मार्चअखेर ते मे हा आंब्याचा काळ. देवगडचा हापूस एप्रिलमध्ये जोरात असतो, मेच्या मध्यानंतर ओसरतो. त्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, ओले काजू येतात. पण उन्हाळ्यात तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका. पारा ३३-३४ दाखवतो आणि नागपूरचा माणूस हसतो. दुपारी बारा वाजता, हवेतल्या दमटपणाने शर्ट पाठीला चिकटला की त्याचं हसू जातं. उन्हाळ्यात आलात तर सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर फिरा. मधल्या वेळात झोपा. इथली माणसं तेच करतात, ती आळशी नाहीत.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो आणि मग तो पाहुण्यांचं ऐकत नाही. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि वर आंबोलीला सुमारे सात हजार. पुण्याच्या माणसाला समजावं म्हणून सांगतो, त्यात पुणे शहराचे नऊ-दहा पावसाळे बसतात. या दिवसांत किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी. तेव्हा जुलैमध्ये येऊन "ताजा पापलेट कुठे मिळेल?" विचारू नका. पानात येईल तो बर्फातला असेल. पावसात यायचं तर खाडीचे, ओढ्याचे मासे, सुकी मासळी, रानभाज्या, कुळथाची पिठी आणि नाचणीची भाकरी यांच्यासाठी या. मला विचाराल तर सगळ्यांत देखणं कोकण तेच. हिरव्या रंगाच्या इतक्या छटा असतात की मोजणाऱ्याने सोडून द्यावं.

गणपतीत पर्यटक म्हणून येऊ नका. ज्यांच्या घरी गणपती आहे त्यांनी यावं, किंवा ज्यांना कुणी घरी बोलावलंय त्यांनी. मुंबईचे चाकरमानी घरोघरी आलेले असतात, गाड्या भरलेल्या, आणि खाणावळीचा आचारीसुद्धा आपल्या गावी आरतीला गेलेला असतो. बोलावणं आलं तर मात्र काहीही करून या. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं, पानं, फुलं बांधलेली माटवी, रात्रभर वाडीतल्या घराघरांतून फिरणारी भजनं, बायकांच्या फुगड्या. यातलं काहीच तिकिटावर मिळत नाही.

ऑक्टोबरची काहिली बरी नव्हे, पण गर्दी नसते. पावसाचं गढूळ पाणी नुकतं निवळत असतं, त्यामुळे स्कूबासाठी घाई करू नका.

पोचायचं कसं

रेल्वे, शक्य असेल तर रेल्वेच. मुंबईहून रात्री कोकणकन्या धरली की सकाळी कुडाळ. दिवसा यायचं तर मांडवी किंवा जनशताब्दी, आणि डावी-उजवी दोन्हीकडच्या खिडक्यांतून डोंगर, बोगदे, नद्या बघत या. दादरहून सावंतवाडीपर्यंत येणारी तुतारी एक्स्प्रेस इथल्या लोकांची आवडती, कारण तिचा शेवटच सावंतवाडीला आहे. ६० दिवस आधी आरक्षण उघडतं. मे महिना आणि गणपतीची तिकिटं काही मिनिटांत संपतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. तेव्हा जुन्या वेळेवर भरवसा ठेवू नका.

मालवण, तारकर्लीसाठी कुडाळला उतरा. देवगड, कुणकेश्वर, विजयदुर्गसाठी कणकवली. वेंगुर्ला, शिरोडा, आंबोलीसाठी सावंतवाडी. गाडीतून उतरल्यावर एसटी आहे आणि रिक्षा आहेत. रिक्षा मीटरवर चालत नाही, बसण्याआधी भाडं ठरवा. भाव करताना आवाज चढवू नका, इथे आवाज चढवणाऱ्याला कुणी उलट उत्तर देत नाही, फक्त शांतपणे नाही म्हणतात.

कोल्हापूरकडून येणार असाल तर गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट, राधानगरीकडून फोंडा, आणि आजऱ्याहून आंबोली. पावसात निघायच्या आधी घाट चालू आहे का ते त्याच सकाळी विचारा. दरड आली की दुसरा घाट धरावा लागतो आणि दोन-तीन तास सहज जातात. विमानतळ चिपीला आहे, ऑक्टोबर २०२१ पासून सुरू आहे, पण विमानांचं वेळापत्रक बदलत राहतं. म्हणून बरेच जण गोव्यातल्या मोपाला उतरतात. सावंतवाडी तिथून तासाभराच्या आत आहे.

मुक्काम: दोनच ठिकाणी पथारी टाका

रोज नवीन गाव, रोज नवीन खोली असा बेत करू नका. रस्ते वळणाचे आहेत. नकाशावर पन्नास किलोमीटर दिसतात, त्याला दीड तास धरा. मालवणजवळ दोन-तीन रात्री आणि वेंगुर्ला किंवा सावंतवाडीला दोन रात्री, एवढं पुष्कळ झालं. देवगडची बाजू मालवणहून एका लांबच्या दिवसात होते. विजयदुर्ग नीट बघायचा असेल तर तिथेच एक रात्र काढा.

हॉटेलपेक्षा घरगुती मुक्काम निवडा. त्याचे नियम मात्र पाळावे लागतात, कारण ते कुणाचं तरी घर आहे. उद्या काय जेवणार ते आदल्या रात्री सांगा, कारण मासे सकाळी बाजारातून यायचे असतात. दुपारी तीन वाजता चार माणसांचं जेवण मागितलंत तर वैनी नाही म्हणणार नाहीत, पण मनातून चिडतील. पुष्कळ घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत, श्रावणात तर नाहीच. हट्ट करू नका. त्या दिवशीची काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी खाऊन बघा, मग माशांची आठवण येते का सांगा.

अंगणात देवाची तुळस असते, तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालू नका. हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

दिवस कसे लावायचे

पहिल्या दिवशी कुडाळला उतरलात की लगेच मालवणकडे धावू नका. कुडाळच्या शेजारीच पिंगुळी आहे. इथला ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करत आला आहे: कागदावर रंगवलेली रामायण-महाभारताची चित्रं एकेक करून दाखवायची आणि गाऊन गोष्ट सांगायची. सोबत कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. ही कला जवळजवळ संपत आली होती. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि आज तिथे छोटं संग्रहालय आहे. आधी फोन करून गेलात तर खेळ बघायला मिळतो. मालवणकडे जाताना वाट थोडी वाकडी केली तर वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, शेजारी तळं आणि माड. तिथे बघायचं असं काही नाही. बसायचं आहे. धामापूरचा तलाव त्याच टापूत. १५३० मधलं हे बांधकाम आणि आजही त्याचं पाणी शेतीला जातं. २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांत त्याचं नाव आलं. काठाला भगवतीचं देऊळ, पाण्यात डोंगराची सावली.

दुसरा दिवस किल्ल्याचा. सकाळी पहिल्या होड्यांपैकी एक पकडा, दहानंतर सहलीच्या बस येतात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याशी पूजा केली आणि समोरच्या कुरटे बेटावर काम सुरू झालं. साधारण तीन वर्षांत एवढा तट उभा राहिला. आत गेल्यावर लोक फोटो काढत सुटतात. तुम्ही आधी विहिरी बघा. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! हे पाणी नसतं तर किल्ल्याचा विचारही कुणी केला नसता. मग शिवराजेश्वराचं देऊळ, राजाराम महाराजांनी बांधलेलं. तिथल्या महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही, डोक्यावर टोप आहे. आपल्या डोळ्यांत बसलेल्या चित्रापेक्षा अगदी वेगळी. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात, त्यांच्या दारात डोकावू नका. होडीवाला ठराविक वेळ देतो, तेवढ्यात तटावरून पूर्ण फेरी होत नाही. थोडे जास्त पैसे द्या आणि जास्त वेळ मागून घ्या.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यातले दोन या जिल्ह्यात, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. विजयदुर्ग मला जास्त आवडतो, कारण तिथे निवांतपणा आहे आणि तीन तटांच्या मधून चालताना माणूस खरंच वाट चुकतो. शिलाहारांच्या काळापासूनचा हा किल्ला, पुढे आंग्र्यांचं मोठं ठाणं, आणि १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून इंग्रजांनी घेतला. तिथे 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियमचा शोध इथेच लागला असं सांगतात. अभिमान चांगला, पण गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. हा शोध ज्याच्याशी जोडतात ते १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या देशातून दिसलं हे खरं. ज्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांचं नाव या शोधाशी जोडलं जातं ते त्या दिवशी गुंटूरला होते, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांचं गाजलेलं निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून झालं. ओट्यांवर उभं राहून समुद्र बघा, तो कुठल्याही शोधाशिवाय पुरतो. जाता-येता कुणकेश्वर लागतं, किनाऱ्यावरचं शंकराचं देऊळ. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, एरवी लाटांचा आवाज गाभाऱ्यापर्यंत येतो.

तारकर्ली-देवबागला अर्धा दिवस. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी, तिच्यावर माड आणि घरं. टोकाला संगम. ओहोटीला तिथे वाळूचं बेट वर येतं, त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. तेच बेट भरतीला बघायला गेलात तर पाणी बघून परत याल. म्हणून निघायच्या आधी घरमालकाला भरतीची वेळ विचारा. ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

सकाळी लवकर किनाऱ्यावर गेलात आणि नशीब असेल तर रापण बघायला मिळेल. होडीतून लांबवर जाळं सोडून त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. फोटो काढत बाजूला उभं राहण्यापेक्षा दोराला हात लावा. कुणी हटकणार नाही, आणि शेवटी दोन बांगडे हातात पडले तर नको म्हणू नका.

चौथा-पाचवा दिवस दक्षिणेकडे. भोगवे आणि निवतीचा किनारा, निवतीच्या किल्ल्यावरून दोन्हीकडची वाळू एकदम दिसते. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष आहेत. वायंगणीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. ठरलेली वेळ नसते, गावातल्या लोकांकडे चौकशी करून पहाटे पोचायचं.

मग आरवलीचा वेतोबा. हा गावाचा राखणदार. रात्री तो गावभर फिरतो अशी श्रद्धा, म्हणून त्याला नवस फेडताना केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. जुन्या चपलांचे तळ झिजलेले दाखवतात. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हसू नका. शेजारचं शिरोडं हे मिठागरांचं गाव, १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. पुढे रेडीला १९७६ मध्ये लोखंडाच्या खाणीत सापडलेली गणपतीची दोन हातांची मोठी मूर्ती आहे. तिथून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा.

सावंतवाडीला संध्याकाळ द्या. मोती तलावाच्या काठाने एक फेरी, मग चितार आळीत लाकडी खेळणी: भाजी-फळांचे हुबेहूब नमुने, भातुकली, पाट. राजवाड्यात गंजिफा तयार होते. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते. खेळता येणारी माणसं बोटांवर मोजण्याएवढी, पण रंगवणारे हात अजून आहेत. बाजारातला प्लॅस्टिकचा शोपीस घेण्यापेक्षा चार पत्ते विकत घ्या.

आंबोली वर, सुमारे ७०० मीटर उंचीवर. पावसाळी शनिवार-रविवारी मुख्य धबधब्याजवळ गाणी लावलेल्या गाड्या आणि भज्यांचे धूर असतात, तिथे मी तरी थांबत नाही. मंगळवार-बुधवार बघा. हिरण्यकेशीचा उगम बघा, जिथे २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदवली गेली आणि पुढे ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. रात्री स्थानिक जाणकाराबरोबर टॉर्च घेऊन बेडूक शोधायला जा. बेडकांसाठी लोक परदेशातून येतात आणि आपण धबधब्याखाली सेल्फी काढून परत फिरतो.

जेवण

भाव पाटीवर नसेल तर मासा पानात येण्याआधी विचारा, कारण तो रोज बदलतो. पापलेट-सुरमईच्या पलीकडे बघा. बांगडा, तारली, मोरी, तिसऱ्या, कालवं, कुर्ल्या. स्वस्त मासा चवीला हलका नसतो. बांगड्याच्या आमटीत काळी-तपकिरी तिरफळं असतात, ती चावायची नाहीत, पानाच्या कडेला काढायची. पहिल्यांदा चावणाऱ्याची जीभ दहा मिनिटं बधिर होते आणि शेजारचे हसतात. कोंबडीबरोबर वडे, त्याला इथे वडे-सागोती म्हणतात. सोलकढी जेवण संपताना. सुरुवातीलाच दोन ग्लास प्यायलात तर भाताला पोटात जागा राहणार नाही.

शाकाहारी माणसाचे इथे हाल होतात हा गैरसमज आहे. ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, अळूचं फदफदं, कुळथाची पिठी आणि भात. सकाळी घावणे आणि खोबऱ्याची चटणी. गोडात शिरवाळे आणि नारळाचा रस, श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. फक्त आदल्या दिवशी सांगा, आणि माशाचं कालवण ज्या पळीने वाढतात तीच पळी तुमच्या पानात येऊ नये असं वाटत असेल तर तेही सांगा. कुणी रागावत नाही.

जत्रा आणि दशावतार

कार्तिकापासून गावोगावी जत्रा सुरू होतात. तुमच्या मुक्कामाच्या जवळ जत्रा आहे असं कळलं तर दुसऱ्या दिवसाचा बेत रद्द करा. संध्याकाळी दर्शन, खाज्याची दुकानं, मालवणी खाजं म्हणजे गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या. मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. आधी गणपती, संकासुर वगैरे, मग मुख्य आख्यान. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करतात, आणि पहाटे तीन वाजता एखाद्या द्रौपदीचा विलाप ऐकून पुढच्या रांगेतल्या आज्या डोळे पुसतात. पेटी, मृदंग, झांज, बस्स. पुढे खुर्च्यांची सोय असली तरी चटई न्या आणि जमिनीवर बसा. कळलं नाही तर शेजारच्याला विचारा, तो कथा सांगेल आणि नटाचं गावही सांगेल.

देवळात कुणी गाऱ्हाणं घालत असेल तर थांबून ऐका. एक जण देवापुढे मागणं मांडत जातो आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे म्हणतात, "व्हय महाराजा!" तुम्हीही म्हणा, चालतं.

मालवणजवळच्या आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा सगळ्यांत मोठी. तिची तिथी पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवशी सगळ्या जिल्ह्याचे रस्ते तिकडेच जातात, तेव्हा दर्शनाला जायचं नसेल तर गाडी बाहेर काढू नका. आणि आचऱ्याला मुक्काम करणार असाल तर आधी विचारून घ्या, गावपळण तर नाही ना? काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर जाऊन तीन दिवस झोपड्यांत राहतं. तुमची खोली गावातच राहते, मालक मात्र रानात.

समुद्राशी कसं वागायचं

गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीला वाळू डांबरी रस्त्यासारखी कडक दिसते. चाकं रुततात, भरती येते, आणि मग गावातली दहा पोरं दोरखंड घेऊन येतात. असल्या गाड्या आम्ही दर मे महिन्यात बघतो.

पोहायचं तर गावातल्या माणसाने दाखवलेल्या जागीच. संगमाजवळ पाण्यात उतरू नका, नदी आणि समुद्र एकमेकांना ओढतात तिथे पाय टिकत नाही. स्कूबाला किंवा होडीत बसताना लाइफ जॅकेट मागा. होडीत माणसं जास्त वाटली तर उतरून पुढची होडी घ्या. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून माणसं गेली. लाज वाटण्याचा हा विषय नाही.

बोलणं

मराठी बोललात की सगळीकडे चालतं. समोरून मालवणी येईल, ती पहिल्या दिवशी निम्मी कळेल. "खयसून इलात?" म्हणजे कुठून आलात. "वायच बसा" म्हणजे थोडं बसा, आणि हा आग्रह खरा असतो. "मेल्या" ही शिवी नाही, ती मित्राला मारलेली हाक आहे, पण तुम्ही ती वापरू नका, किमान पहिल्या खेपेला तरी नको. रस्ता विचारलात तर उत्तराआधी चौकशी होईल, कोण, कुठले, कुणाकडे उतरलात. घाई असेल तर रस्ता विचारूच नका.

निघताना

आंबा रस्त्यावरच्या ढिगातून घेऊ नका, बागेतून किंवा तुमच्या घरमालकाच्या ओळखीने घ्या. कडक फळ घ्या, घरी पेंढ्यात ठेवा, आठवडाभरात पिकतं. गोड वास आणि पातळ साल ही खूण. कापल्यावर आत पांढरट, रबरासारखा भाग दिसला तर तो साका. दिसायला चांगल्या फळातही निघतो, त्यावरून बागायतदाराशी भांडू नका. आमसुलं आणि काजूही इथूनच घ्या. वेंगुर्ल्याच्या काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. कोकमाचं आगळ बाटलीत नेणार असाल तर झाकण दोनदा बघा, त्याचा डाग कपड्यावरून निघत नाही.

सुकी मासळी हवीच असेल तर तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधा, वर वर्तमानपत्र गुंडाळा आणि पिशवी आपल्याच सीटखाली ठेवा. कोकणकन्येच्या वातानुकूलित डब्यात ती रत्नागिरीपर्यंत गप्प बसते. खेडच्या पुढे कुणीतरी विचारतंच, "कोणाचं आहे हे?" तेव्हा झोपलेलं असावं.